काय दिसलं, तेही विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली २२ वर्षं सोनोग्राफी करते. नीरा उजव्या कालव्याचं पाणी जिथं येता येता आटतं, त्या टेलच्या भागातलं हे गाव. माझ्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक दिसतो. गरोदर बाईचा एफ फॉर्म भरून तिची सही घेतल्याशिवाय मी प्रोबला हात लावत नाही. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत मागच्या महिन्याचा सगळा तपशील समुचित प्राधिकाऱ्यांकडे जातो. पथक तपासणीला येतं तेव्हा फॉर्मवरची खाडाखोड, राहिलेला रकाना, मशिनचा नंबर, रजिस्टरमधले अनुक्रमांक, सगळं बारकाईनं पाहिलं जातं. पण या २२ वर्षांत सरकारच्या एकाही माणसानं मला विचारलेलं नाही की, डॉक्टर, गेल्या महिन्यात तुम्हाला काय दिसलं? ज्या बाळात काही दिसलं, त्याचं पुढं काय झालं?

त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या राज्यानं केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. हे पाप करणाऱ्यांत माझ्या पेशातली माणसं होती. म्हणून पथकाचा मला राग येत नाही. पण केंद्राच्या त्याच कायद्याचं चौथं कलम ही तंत्रं कशासाठी वापरायची तेही सांगतं : गुणसूत्रांतले दोष, आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं शोधण्यासाठी. काय करायचं नाही याचा हिशेब आम्ही दर महिन्याला देतो. काय करायचं, याचा हिशेब कुणी मागतच नाही.

माझ्या हातून काय राहिलं, ते आधी सांगते.

२०११ चा पावसाळा. एकवीस वर्षांची पहिलटकरीण, आठवा सरत आलेला, सोबत सासू. दोन दिवसांनी ती माहेरी जाणार होती, म्हणून ‘जायच्या आधी एकदा बघून घ्या’ असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. बाहेर तीसेक बायका बसलेल्या. मी डोक्याचं माप घेतलं, पोटाचा घेर घेतला, मांडीचं हाड मोजलं. डोक्याच्या छेदात मध्यरेषेवर, मागच्या बाजूला, एक काळी लांबट पोकळी दिसली. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. मी माप टाकलं, २२ मिलिमीटर, आणि रिपोर्टात लिहिलं : मेंदूच्या मध्यभागी द्रव असलेली सिस्ट, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. सासूनं विचारलं, “मॅडम, बाळ बेस हाय न्हवं?” मी म्हटलं, वजन चांगलं आहे, डोक्यात एक छोटी पाण्याची गाठ वाटते, पुन्हा बघू. आणि पुढचं नाव पुकारलं.

सोनोग्राफीत रक्तही काळंच दिसतं. साचलेलं पाणी आणि वाहतं रक्त यांतला फरक साधा पडदा दाखवत नाही. तो दाखवायला मशिनवर कलर डॉपलरचं बटण असतं. माझ्या मशिनवर ते होतं. माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. मी ते दाबलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात गेली आणि माझा ‘चार आठवड्यांनी पुन्हा’ हा शब्द त्या फाइलीतच राहिला. दिवस भरल्यावर ती तिकडच्या एका लहान दवाखान्यात बाळंत झाली. बाळ रडलं, वजन २ किलो ८०० ग्रॅम, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी ते अंगावर ओढेना. दूध पिताना कपाळावर घाम यायचा, छाती भात्यासारखी चालायची. न्यूमोनिया समजून औषधं सुरू झाली. एक्स-रेत हृदय मोठं दिसलं, म्हणून मोठ्या शहरात हलवलं. तिथं इकोमध्ये हृदयाची रचना ठीक निघाली, फक्त ते फुगलेलं आणि दमलेलं होतं. चौथ्या दिवशी तिथल्या एका डॉक्टरनं बाळाच्या टाळूवर स्टेथोस्कोप ठेवला आणि त्याला आतून सूं-सूं असा घोष ऐकू आला. पाचव्या दिवशी बाळ गेलं.

त्याच आठवड्यात त्या डॉक्टरचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता. एवढंच म्हणाला, “मॅडम, तुमच्या रिपोर्टात सिस्ट लिहिलीय. कलर टाकला होता का?”

या आजाराचं नाव व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन. गेलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. मेंदूच्या मध्यावरच्या एका मोठ्या शिरेला त्याचं नाव मिळालं आहे. खरं तर फुगते ती शीर वेगळीच असते. गर्भाच्या सहाव्या ते अकराव्या आठवड्यात मेंदूच्या मध्यरेषेवर एक तात्पुरती शीर असते. तिचं काम संपलं की ती आटून जायला हवी. काही बाळांत ती आटत नाही, धमन्या थेट तिच्यात उघडतात आणि ती फुगत जाते. फुगते ती शीर हीच, हे १९८९ साली फ्रान्समधल्या रेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

आमच्याकडच्या माणसांना मी हे पाटाच्या पाण्यावरून सांगते. कालव्यातून पाटात, पाटातून सरीत, सरीतून मुळाशी. मग उरलेलं पाणी ओढ्याला. शरीरातही तसंच : धमनी, मग केसाहून बारीक केशवाहिन्या, तिथं रक्त जिरल्यासारखं सावकाश फिरतं, मग शीर. आता पाटालाच भगदाड पडलं आणि पाणी वाफ्यात न जाता सुसाट ओढ्याला लागलं, तर काय होईल? वरून कितीही पाणी सोडा, टेलचं पीक वाळणारच, आणि मोटर रात्रंदिवस चालून जळणार. इथं मोटर म्हणजे बाळाचं हृदय. गंभीर बाळांत हृदयानं फेकलेल्या रक्तातला निम्म्याहून जास्त भाग या भगदाडातून परत येतो. मेंदूला आणि बाकीच्या अंगाला उरतं ते थोडं.

मग हे बाळ पोटात असताना तगतं कसं? कारण पोटात असताना वारही असाच कमी अडथळ्याचा रस्ता असतो. रक्त वारेकडेही ओढलं जातं, भगदाडावरचा ताण वाटला जातो. नाळ कापली की तो रस्ता बंद होतो आणि सगळा लोंढा डोक्याकडे वळतो. म्हणून बाळ जन्मतं तेव्हा रडतं, गुलाबी दिसतं, आणि एक-दोन दिवसांत ढासळतं. ज्या दवाखान्यात साधा ऑक्सिजन आणि सलाईन आहे, तिथं हे दोन दिवस निघून जातात.

त्या सासूबाई पुढं महिनाभरानं माझ्याकडे आल्या. भांडायला आल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. त्या जूनमध्ये चंद्रग्रहण होतं. ग्रहणात सुनेनं विळीवर भाजी चिरली होती, त्यानं झालं का? मी त्यांना बसवून सांगितलं की, जी शीर आटायला हवी होती ती तिसऱ्या महिन्याच्या आतच आटायची राहिली, ग्रहणाच्या कितीतरी आधी. सुनेचा काही दोष नाही. काही कुटुंबांत आरएएसए-१ किंवा ईपीएचबी-४ नावाच्या जनुकांत बदल सापडतो, आई-बापाच्या अंगावर गुलाबी-लाल डाग असतात. बहुतेकदा घराण्यात दुसरं कुणी नसतंच. दोष असलाच तर बटण न दाबल्याचा होता, आणि तो माझा होता, हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पदर सावरला आणि निघून गेल्या.

आपले अधिकारी आपल्याला सांगतील की हा आजार फार दुर्मीळ आहे. आहेच. पंचवीस हजार ते साठ हजार जन्मांमागे एक, असे अंदाज आहेत. पण आपल्या राज्यात वर्षाला पंधरा लाखांहून जास्त बाळं जन्मतात. म्हणजे दरवर्षी पंचवीस ते साठ घरं. आणि ते बटण काही एकाच आजाराचं नाही. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते, महाधमनी एका जागी चिमटलेली असते. ही बाळंही नाळ कापेपर्यंत पोटात ठीक असतात, आणि जन्मल्याबरोबर प्रोस्टाग्लँडिनचं औषध चालू झालं तर शस्त्रक्रियेपर्यंत तगतात. कधी नाळेच्या शिरा वारेच्या आधाराशिवाय थेट गर्भाशयाच्या तोंडावरून जातात, त्याला व्हासा प्रीव्हिया म्हणतात. पाणमोट फुटताना ती शीर फाटली की काही मिनिटांत बाळाचं रक्त जातं. २००४ साली अशा १५५ गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी कळलेल्यांत ९७ टक्के बाळं जगली, न कळलेल्यांत ४४ टक्के. आधी कळलं म्हणजे काय झालं? कळा सुरू होण्याआधी सिझर ठरलं, एवढंच.

गेलनच्या शिरेचं दुखणं पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. शीर तेव्हा पुरेशी फुगलेली नसते. ते दिसतं सातव्या-आठव्या महिन्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी व्हावी अशी शिफारस केली, ती योग्यच आहे, आणि आपल्याकडेही पाचव्या महिन्याच्या तपासणीला ‘मोठी सोनोग्राफी’ म्हणून महत्त्व आलं आहे. तिच्यात सगळं ठीक निघालं की घरचे निर्धास्त होतात. पुढची सोनोग्राफी म्हणजे फक्त वजन आणि पाणी बघायचं, असा समज बायकांचा आहे, आणि खोटं कशाला बोलू, आम्हा डॉक्टरांचाही आहे. मी त्या दिवशी वजन बघत होते. आणि नेमक्या याच दिवसांत बाई सासर सोडून माहेरी जाते, किंवा कारखान्याच्या हंगामात टोळीबरोबर ऊसतोडीला आलेली असते. जुनी फाइल एका जिल्ह्यात, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात.

आणखी एक गाठ आपल्या सगळ्यांच्या मनात बसली आहे. पोटातल्या बाळात काही दिसलं की पहिला प्रश्न येतो, “मग पाडायचं का?” २००८ साली मुंबईतलं एक दांपत्य बाळाच्या हृदयातल्या दोषामुळं गर्भपाताची परवानगी मागायला उच्च न्यायालयात गेलं. २० आठवड्यांची मर्यादा कधीच उलटली होती, परवानगी नाकारली गेली आणि त्यावर देशभर चर्चा झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला. गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ निर्णय देऊ शकतं. हा बदल गरजेचा होता, त्यानं अनेक बायकांचे हाल थांबले आहेत. पण त्यामुळं एक झालं : गर्भातलं निदान म्हणजे ठेवायचं की नाही याचा निर्णय, असंच समीकरण बसलं. ज्या आजारांबद्दल मी लिहिते आहे, त्यात बहुतेकदा प्रश्न वेगळा असतो. बाळ जन्मणार कुठं, हा तो प्रश्न.

२०१९ मध्ये मला हे दुसऱ्यांदा दिसलं. ३५ वा आठवडा. आशाताई बाईला घेऊन आल्या होत्या, नवरा टेम्पो चालवतो. डोक्याचं माप घेताना मध्यरेषेवर तीच काळी पोकळी, मागे निमुळती होत गेलेली, कुलपाच्या भोकासारखी. मी कलर टाकला. काळ्या जागेत लाल, निळा, पिवळा, हिरवा असे सगळे रंग एकमेकांत घुसळत उसळले. रक्त इतक्या वेगानं फिरतं तेव्हा मशिनला दिशा ठरवता येत नाही, म्हणून असा कालवा दिसतो. मानेतल्या शिरा सुतळीच्या जागी करंगळीएवढ्या, हृदय छातीत जरा जास्तच जागा घेऊन बसलेलं. मी प्रोब तसाच धरून ठेवला. बाईनं विचारलं, “काय झालं मॅडम?” मी म्हटलं, बरं झालं तुम्ही आज आलात.

मग फोन. दोन दिवसांत मी अकरा फोन केले. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पुण्यात आहे, तिच्यामार्फत गर्भाच्या एमआरआयची वेळ मिळाली. पुणे आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. एमआरआयमध्ये मेंदूचा गर शाबूत होता, ही सगळ्यांत मोठी गोष्ट. कधी कधी तिथंच कळतं की मेंदू आधीच विरघळत गेला आहे; मग धावपळ, व्हेंटिलेटर, सुया यांत बाळाचे दोन दिवस घालवायचे, की आईच्या कुशीत घालवायचे, हे आई-बापाला विचार करून ठरवता येतं. तेही निदानच देतं, आणि मला ते कमी मोलाचं वाटत नाही.

या बाळाचा जन्म मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात झाला. नवजात विभागात १९ दिवस, हृदयाला आधार देणारी औषधं. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पिएर लास्जोनियास यांनी अशा बाळांसाठी २१ गुणांची एक मोजपट्टी तयार केली. हृदय, मेंदू, श्वास, यकृत, मूत्रपिंड यांना गुण देऊन ठरवायचं : १२ च्या वर असेल तर औषधांवर पाच-सहा महिने थांबायचं, ८ ते १२ मध्ये असेल तर लगेच हात घालायचा, ८ च्या खाली असेल तर बाळाला त्रास देऊ नये. या बाळाचे गुण थांबण्याइतके आले. सहाव्या महिन्यात जांघेतल्या धमनीतून शेवयीएवढी बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, सुपरग्लूच्याच जातीचं एक द्रव्य सोडून पहिलं भगदाड बुजवलं. एका बैठकीत सगळं बुजवत नाहीत. तीन बैठका झाल्या. ही पद्धत येण्याआधी जन्मतःच ढासळलेली बाळं जवळपास सगळी जात. लास्जोनियास यांच्या गटानं २००६ मध्ये २१६ मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यात मृत्यू दहा टक्क्यांच्या आसपास होते.

मधल्या महिन्यांत ते बाळ पंधरवड्याला माझ्याकडे यायचं आणि मी त्याच जुन्या मशिनवर टाळूतून त्याचा मेंदू बघून मुंबईला फोटो पाठवायची. टाळू भरेपर्यंत ती खिडकी उघडी असते. मुलगा आता शाळेत जातो. बोलायला उशिरा लागला, उजवा हात जरा कमी चालतो, चष्मा आहे. दवाखान्यात आला की मशिनच्या चाकावर पाय देऊन उभा राहतो आणि ‘माझं डोकं दाखव’ म्हणतो. टाळू कधीच भरली आहे, आता तिथून काही दिसत नाही, हे त्याला पटत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये बोस्टनला डॉक्टरांनी आईच्या पोटातून, बाळाच्या कवटीतून सुई घालून, जन्माआधीच ही शीर बुजवली. बाळ ३४ आठवड्यांचं होतं. ती बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही आली होती आणि मला कित्येकांनी पाठवली. तसं काही मी आज मागत नाही. मला आधी मागायचं आहे ते फार साधं आहे.

सातव्या महिन्यानंतरची जी सोनोग्राफी सरकारी दवाखान्यात होते, किंवा पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात ९ तारखेला होते, तिच्यासाठी एक लेखी सूचना निघावी. डोक्याच्या मध्यरेषेवर काही काळं दिसलं, किंवा हृदय कारणाशिवाय मोठं दिसलं, तर कलर टाकल्याशिवाय रिपोर्ट पुरा होणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पहिल्या तिमाहीत डॉपलर सरसकट वापरू नये हे खरं. इथं आपण शेवटच्या तिमाहीबद्दल, आणि शंका आलेल्या बाळाबद्दल बोलतो आहोत. ज्या मशिनवर कलर नाही, तिथून त्याच दिवशी जिथं आहे तिथं पाठवावं, ‘चार आठवड्यांनी’ नव्हे. चार आठवडे किती लांब असतात, ते मी पाहिलं आहे.

एमबीबीएस डॉक्टरांसाठी २०१४ पासून सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण आहे. आमच्या केंद्रांची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं होते. नूतनीकरणाच्या वेळी आमचे कागद बघता, त्याच वेळी आम्हाला दोन दिवस बसवून शिकवा. बाळाच्या डोक्याचे तीन छेद, हृदयाचे कप्पे, मोठ्या धमन्या कुठून निघतात, नाळ वारेला कुठं लागते. आम्ही येऊ. माझ्यासारखे कितीतरी जण तालुक्याला एकटेच बसलेले आहेत. वर्षानुवर्षं आपण बरोबर बघतो की चूक, हे सांगणारं त्यांना कुणी भेटत नाही.

दर महिन्याच्या अहवालाला एक रकाना जोडा : काय दिसलं, कुठं पाठवलं, बाळाचं काय झालं. बाईचं नाव गुप्त राहील अशी सोय करूनच जोडा, नाहीतर त्याचा वेगळाच वापर होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात जन्मल्यानंतर दिसणाऱ्या व्यंगांची नोंद होते. पोटात दिसलेलं आणि जन्मल्यावर दिसलेलं हे दोन कागद कधी एकत्र येत नाहीत. ते एकत्र आले असते तर माझी २०११ ची चूक मला एका भल्या डॉक्टरच्या फोनवरून कळली नसती, यंत्रणेतून कळली असती, आणि माझ्यासारख्या आणखी कुणाकुणाला कळली असती. मला शिक्षा होईल म्हणून मी हे टाळावं अशी भीती मात्र त्या रकान्याला चिकटू देऊ नका. भीतीपोटी लोक ‘सर्व ठीक’ लिहितात.

नवजात काळजी कक्षातल्या परिचारिकांना एवढं शिकवा की, कारण न सापडता बाळाचं हृदय दमलं असेल तर टाळूवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं. त्याला खर्च नाही.

आणि बाळंतपणाची जागा. निदान झालेल्या बाईला प्रसूतीच्या आधीच मोठ्या रुग्णालयाजवळ राहायची सोय, सोबतच्या बाईसह, महात्मा फुले योजनेतून एका दिवसात मंजुरी, आणि जायला गाडी. ही गाडी नवजात बाळाच्या ॲम्ब्युलन्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, कारण बाळ अजून आईच्या पोटात असतं, उबेत असतं आणि त्याला ऑक्सिजन मिळत असतो. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम हे उत्कृष्टता केंद्र आहे. त्या केंद्रापर्यंतची वाट तालुक्याच्या सोनोग्राफीच्या खोलीतून निघाली पाहिजे.

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. २०११ नंतर मी ती केली. गर्भाचा एमआरआय कोण करतं, मेंदूतल्या शिरा बुजवणारे डॉक्टर कोण, बाळांच्या हृदयाचं कोण बघतं, रात्री कोण फोन उचलतं. काही नंबर मैत्रिणींकडून मिळाले, काही परिषदांत गाठून घेतले. त्यातले दोघे आता निवृत्त झाले, एक परदेशी गेले, एका नंबरवर हल्ली भलताच माणूस बोलतो. शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे अशी वही नाही. त्याला काही दिसलं तर तो मला फोन करतो, आणि मी वही उघडते.

या वहीच्या जागी मला आपल्या खात्याचा एक नंबर द्या. दिवसा-रात्री उचलला जाणारा, पलीकडे या आजारांची माहिती असलेलं माणूस बसलेलं, आणि बाळ कुठं जन्माला घालायचं हे त्याच फोनवर ठरेल असा. येत्या ९ तारखेला माझ्या बाकांवर पुन्हा तीसेक बायका बसलेल्या असतील. त्याआधी मिळाला तर मी तो भिंतीवर, त्या फलकाशेजारीच लावेन.

आपली नम्र,
सोलापूर जिल्ह्यातली एक सोनोलॉजिस्ट